गॅमा किरणांच्या आकड्यांची पारख

मानखुर्दच्या दक्षिणेस अणुशक्तिनगर आणि त्यापलीकडे, टेकडी व खाडी यांच्यामध्ये, ट्रॉम्बेचे भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तेथील 'सायरस' (१९६० ते २०१०) व 'ध्रुव' (१९८५ पासून) या संशोधन भट्ट्यांत जड पाण्याचा उपयोग करण्यात आला. भट्टी बंद केल्यावरही तिच्या इंधनातून गॅमा किरण निघतच राहतात. २.२ दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टहून अधिक ऊर्जेचा किरण जड पाण्यातील ड्यूटेरियमच्या केंद्रकावर आदळला, तर त्यातून न्यूट्रॉन सुटू शकतो. म्हणजे बंद भट्टीतही न्यूट्रॉनांचा बारीक झरा चालू असतो व तो हिशेबात धरावा लागतो.

किरण आदळल्यावर अशी विक्रिया घडण्याची शक्यता किती, याच्या मापास 'काटछेद' म्हणतात. नाव भूमितीतील असले तरी अर्थ संभाव्यतेचा आहे. हे माप प्रयोगाने काढतात. परंतु प्रयोगांचे आकडे नेहमी जुळत नाहीत. फ्रान्समधील साक्ले आणि अमेरिकेतील लिव्हरमोर येथे १९६० नंतरच्या काळात जवळजवळ एकाच पद्धतीने मोजमापे झाली. तरीही अनेक मूलद्रव्यांच्या बाबतीत साक्लेच्या तक्त्यांत एक न्यूट्रॉन सुटण्याचे, तर लिव्हरमोरच्या तक्त्यांत दोन सुटण्याचे प्रमाण अधिक आढळते. गल्लीच्या तोंडाशी उभे राहून बाहेर पडणारी माणसे मोजता येतात. पण दोघे एकाच घरातून आले की दोन घरांतून, हे तेथून सांगणे कठीण. अडचण नेमकी हीच होती.

येथे सरासरी काढणे सोपे, पण चुकीचे. कारण एका रकान्यातील चूक दुसऱ्या रकान्यात उलट दिशेने उमटलेली असते. म्हणून मूल्यमापन करणारा शास्त्रज्ञ आकड्यांना प्रश्न विचारतो. दोन न्यूट्रॉन सुटण्याच्या घटना एकूण न्यूट्रॉनांच्या निम्म्याहून अधिक असूच शकत नाहीत. तक्त्यात तसे दिसले, तर तेवढा भाग बाजूला ठेवावा लागतो, मग तो कितीही नामांकित प्रयोगशाळेचा असो. त्यानंतर सैद्धांतिक गणिताशी व नव्या प्रयोगांशी ताळा पाहिला जातो.

व्हिएन्नाच्या आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने १९९९ मध्ये सिद्ध केलेल्या संग्रहात १६४ केंद्रकांची माहिती होती. २०१९ च्या सुधारित संग्रहात ती दोनशेहून अधिक केंद्रकांची झाली. ट्रॉम्बेच्या शास्त्रज्ञांनी खाडीपलीकडे खारघर येथील इलेक्ट्रॉन वेगवर्धकावर थोरियम व युरेनियम यांच्या प्रकाशविखंडनाची मोजमापे केली. थोरियमवर भिस्त ठेवणाऱ्या आपल्या देशाला त्यांचे महत्त्व वेगळे सांगावयास नको.

या आकड्यांचा संबंध केवळ अणुभट्टीशीच नाही. कर्करोगावरील उपचारयंत्रातील क्ष-किरणांची ऊर्जा सुमारे १० दशलक्ष इलेक्ट्रॉन व्होल्टच्या पुढे गेली, की यंत्रातील शिसे व टंगस्टन यांतूनही न्यूट्रॉन सुटू लागतात. क्ष-किरण अडविण्यास शिसे पुरते, न्यूट्रॉन अडविण्यास नाही. म्हणून उपचारकक्षाच्या दारात बोरॉनयुक्त पॉलिथिनचा थर देतात, आणि तो किती जाड असावा हे ठरविण्यापूर्वी सुटणाऱ्या न्यूट्रॉनांचा अंदाज अशाच पारखलेल्या तक्त्यांवरून घेता येतो.