कंपोस्टच्या अर्कासाठी फवारणी पंपाची निवड

शेतीच्या खर्चाची वही आपल्या घरांत बियाणे, खत आणि मजुरी यांनीच भरते. अवजारांचा खर्च तीत क्वचितच दिसतो. बेळगाव तालुक्यातील भाजीपाला, भात आणि रताळी यांवर ज्यांची घरे चालतात, अशा विद्यार्थी मित्रांसाठी हा हिशेब मांडीत आहे.

चांगले कुजलेले कंपोस्ट पाण्यात भिजवून, त्यात एक-दोन दिवस पंपाने हवा खेळवून जे पाणी गाळून घेतात, तो कंपोस्टचा अर्क. त्यातील जिवाणू आणि बुरशी जिवंत असतात. हवा बंद केल्यावर पाण्यातील प्राणवायू संपू लागतो. म्हणून चार ते सहा तासांत अर्क वापरावा, असे सांगतात. वाणिज्य शाखेच्या भाषेत हा दुधासारखा नाशवंत माल होय. तेव्हा पंप निवडताना जास्त दाबापेक्षा काम वेळेत होणे आणि वाट न तुंबणे या दोन गोष्टींना अधिक महत्त्व आहे.

१. पानांवर की जमिनीत?

अर्क मुळाशीच द्यायचा असेल तर पंपाची गरजच नाही. पाटाच्या पाण्यात पिंपाची तोटी बारीक सोडली, किंवा झारीने घातले, तरी काम होते. पैसे खर्च करण्यापूर्वी हा प्रश्न अवश्य विचारावा. कोथिंबिरीसारख्या कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पाल्यावर तर अर्क फवारूच नये. शेणातील रोगजंतू राहून गेले असल्यास ते पोटात जाण्याचा धोका असतो.

२. कोणता पंप?

पाठीवरचा हातपंप साधारण १६ लिटरचा असतो. तो स्वस्त, आणि गावातच दुरुस्त होतो. बॅटरीच्या पंपाने हात थकत नाही आणि दाब एकसारखा राहतो. इंजिनचा पिस्टन पंप फार मोठा दाब देतो. तो फळबागेच्या उंच झाडांना ठीक, पण एक एकर भाजीसाठी त्याचे कर्ज काढण्याचे कारण नाही. शिवाय अर्कातील जीव नाजूक असल्याने कमी दाब आणि जाड थेंबच बरा. औषधाचे धुके करणारे बारीक छिद्राचे नोझल काढून मोठ्या छिद्राचे बसवावे.

३. वेळेचा हिशेब

समजा, एकरी २०० लिटर अर्क फवारायचा आहे आणि नोझलमधून मिनिटाला १ लिटर पडतो. फवारणीला २०० मिनिटे लागतील. १६ लिटरची टाकी १३ वेळा भरावी लागेल. दर खेपेस ५ मिनिटे धरल्यास आणखी ६५ मिनिटे. एकूण ४ तास २५ मिनिटे. आता दर खेपेस नोझल तुंबून ५ मिनिटे गेली, तर काम साडेपाच तासांवर जाते आणि अर्काची मुदत संपत येते. यावर उपाय महाग पंप नव्हे; अर्क आधी दुहेरी सुती कापडातून आणि टाकीत ओतताना जाळीतून गाळणे हा होय. कडक ऊन टाळण्यासाठी फवारणी संध्याकाळी करावी, आणि एका संध्याकाळी पुरेल तेवढाच अर्क काढावा.

४. विकत की भाड्याने?

समजा, पंपाची किंमत ४,००० रुपये आणि आयुष्य ४ वर्षे. घसारा वर्षाला १,००० रुपये. भाडे दिवसाला २०० रुपये असेल, तर वर्षातून ५ दिवसांपेक्षा कमी वापर असणाऱ्यास, दुरुस्ती न धरताही, भाड्याचा पंप स्वस्त दिसतो. परंतु वहीत न दिसणारा एक धोका येथे आहे. त्या पंपातून आधी टू-फोर-डीसारखे तणनाशक मारले असेल, तर टाकीत आणि नळीत राहिलेल्या अंशाने टोमॅटोचे पीक वाकडे होऊ शकते. मोरचूद मारलेल्या पंपात अर्कातील बुरशी मरते. म्हणून दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून एक पंप घ्यावा, त्यावर रंगाने खूण करावी आणि तो केवळ अर्कासाठीच ठेवावा, हे मला सर्वांत किफायतशीर वाटते. घसारा वाटला जातो आणि धोका टळतो.

खताला मराठीत खत आणि कन्नडमध्ये गोब्बर म्हणतात; बांधाच्या दोन्ही बाजूंचा हिशेब मात्र एकच आहे. काम झाल्याबरोबर पंप स्वच्छ पाण्याने धुवावा. वाळलेला गाळ पुढच्या वेळी नोझलमध्ये अडकतो. सुट्टीत घरी गेल्यावर पंपाची किंमत, वापराचे दिवस आणि दुरुस्ती वहीत लिहून पाहावी. खरेदीचा निर्णय त्या आकड्यांवरून घ्यावा.