खोली सोडताना : नोटीस किती दिवसांची?

मित्रांनो, फायनल इयरचं शेवटचं सेमिस्टर संपत आलं की डोक्यात तीन गोष्टी असतात : सबमिशन, व्हायवा आणि रूमचं डिपॉझिट. पहिल्या दोन गोष्टींची तयारी सगळेच करतात, तिसरीची कोणी करत नाही. मग सामान बांधताना मालक विचारतात, "नोटीस कुठे दिली होती? एक महिन्याचं भाडं कापणार." घरून आलेले पैसे असे जाऊ नयेत म्हणून नोटिशीचे नियम आपल्याला माहीत हवेत.

आधी 'गिव्हन' बघा

गणित सोडवताना आपण आधी 'गिव्हन' लिहितो. इथे 'गिव्हन' म्हणजे तुम्ही सही केलेला कागद. तो भाडेपट्टा आहे की लीव्ह अँड लायसन्स? दोन्हीत दर महिन्याला पैसेच द्यायचे असतात, पण कायद्याने ही दोन वेगळी नाती आहेत. भाडेपट्ट्यात जागेच्या वापराचा हक्क भाडेकरूकडे येतो. लायसन्स म्हणजे फक्त राहण्याची परवानगी. महाराष्ट्रात विद्यार्थ्यांना मिळणारे फ्लॅट बहुधा ११ महिन्यांच्या लायसन्सवर असतात.

लायसन्स असेल तर

करारातलं नोटिशीचं कलम शोधा. बऱ्याच करारांत एक महिन्याची नोटीस लिहिलेली असते. 'लॉक-इन' असेल तर तेवढे महिने मधेच सोडता येत नाही, सोडल्यास त्याचे पैसे मागितले जाऊ शकतात. सही करण्याआधी हीच दोन कलमं नीट वाचावीत.

आता सर्वांत महत्त्वाचं. ११ महिने संपले, नवीन करार झाला नाही, तरी आपण "चालतंय तसं चालू दे" म्हणून राहतो. हे धोक्याचं आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम २४ प्रमाणे मुदत संपल्यावर जागा परत न देणाऱ्या लायसन्सीकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते. परीक्षेपर्यंत राहायचं असेल तर तेवढ्या दिवसांचा नवीन करार आधीच करून घ्या.

महिन्या-महिन्याचं भाडं असेल तर

खरोखर भाडेपट्टा असेल आणि करारात नोटिशीबद्दल काहीच नसेल, तर मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ चं कलम १०६ लागू होतं. राहण्यासाठी घेतलेली जागा महिन्या-महिन्याची धरली जाते आणि १५ दिवसांची नोटीस पुरते. हे दोन्ही बाजूंना लागू आहे, पण करारात किंवा स्थानिक कायद्यात वेगळं असेल तर ते आधी.

पूर्वी ही नोटीस भाड्याच्या महिन्याच्या शेवटीच संपावी लागे. एका दिवसाची चूक झाली तरी वाद व्हायचे. २००२ च्या दुरुस्तीने ती अट गेली. आता १५ दिवस नोटीस समोरच्याला मिळाल्यापासून मोजतात, तुम्ही लिहिल्यापासून नाही. समजा, १० एप्रिलला नोटीस मालकांच्या हातात पडली, तर खोली सोडण्याची तारीख ३० एप्रिल टाकावी, म्हणजे मोजणीवरून भांडण होणार नाही.

उलट बाजूने मात्र गणित इतकं सोपं नाही. १९९९ च्या कायद्याचं संरक्षण असलेल्या भाडेकरूला मालक नुसती १५ दिवसांची नोटीस देऊन काढू शकत नाहीत. कायद्यात दिलेलं कारण लागतं आणि कोर्टात जावं लागतं. भाडं थकलं असेल तरी आधी लेखी मागणी करून ९० दिवस थांबावं लागतं.

नोटीस द्यायची कशी?

कलम १०६ नुसार नोटीस लेखी आणि सही केलेली हवी. मोबाइलवर "काका, आम्ही पुढच्या महिन्यात निघतोय" एवढा मेसेज टाकून भागवू नका. पत्र पोस्टाने पाठवा किंवा स्वतः नेऊन द्या. मालक घरी नसतील तर त्यांच्या घरच्यांकडे दिलेलंही चालतं. लायसन्स असलं तरी हीच पद्धत सुरक्षित. करारात जितक्या जणांची नावं, तितक्यांच्या सह्या घ्या. मजकूर एवढाच पुरे :

"आपल्या फ्लॅटमध्ये आम्ही ... तारखेच्या कराराने राहतो. ... तारखेला जागा रिकामी करून चाव्या आपल्याकडे देऊ. त्या दिवशी जागेची पाहणी करून आमचं डिपॉझिट रु. ... परत करावं, ही विनंती."

झेरॉक्सवर मालकांची सही आणि तारीख घ्या. निघताना विजेच्या मीटरचं रीडिंग आणि खोलीचे फोटो काढा. चाव्या दिल्याचंही दोन ओळीत लिहून घ्या.

आणि एक. करार लेखी आणि रजिस्टर्ड असणं १९९९ च्या कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे सक्तीचं आहे, ११ महिन्यांचा असला तरी. ती जबाबदारी मालकांची. "रजिस्ट्रेशन कशाला, विश्वास आहे ना?" असं कोणी म्हणालं तर नम्रपणे सांगा, "काका, विश्वास आहेच, पण कागदही असू दे." जुन्या कराराची प्रत आजच कपाटातून काढा आणि नोटिशीच्या कलमाखाली पेन्सिलने रेघ मारा. सबमिशनच्या गडबडीत ते शोधायला वेळ मिळणार नाही.