विहिरीतले पाणी आणि आलेखाची रेघ

'माझ्या विहिरीला तुझ्यापेक्षा सहा फूट पाणी जास्त आहे' हे वाक्य मार्च महिन्यात बांधाबांधावर ऐकू येते. पण पाणी किती आहे एवढ्यावरून ते किती दिवस पुरेल हे ठरत नाही. ते रोज किती उतरते हेही पाहावे लागते. मुलांच्या गणिताच्या वहीत आलेखावर दोन रेघांची तुलना असते, ती हीच.

समजा, शेजारी-शेजारी दोन विहिरी आहेत. दोन्हींचा व्यास २० फूट आणि दोघांकडेही १५ डिसेंबरच्या सुमारास लावलेला रब्बी कांदा. पहिल्या शेतकऱ्याने दोरीला फुटाफुटावर गाठी मारून, टोकाला दगड बांधून, ती तळापर्यंत सोडली आणि भिजलेल्या गाठी मोजल्या :

१ मार्च – २४ फूट
४ मार्च – २१ फूट
७ मार्च – १८ फूट

दुसरा तोंडी सांगतो, '१ मार्चला १८ फूट होते, रोज अर्धा फूट उतरते.' एकाची माहिती तक्त्यात, दुसऱ्याची शब्दांत. म्हणून आधी दोन्ही एका मापात आणावी. तक्त्यात तीन दिवसांत तीन फूट, म्हणजे पहिल्याचा वेग रोज एक फूट. दुसऱ्याच्या दुप्पट.

आता चौकटीच्या कागदावर आडवे दिवस आणि उभे फूट मांडा. पहिल्याची रेघ वरून सुरू होते, पण तिचा उतार तीव्र आहे. सहा फुटांचा फरक रोज अर्ध्या फुटाने कमी होतो आणि बाराव्या दिवशी, १३ मार्चला, दोन्ही विहिरींत १२ फूट पाणी राहते. पुढे पहिली विहीर मागे पडते. फूट व्हॉल्व्ह बुडालेला राहावा म्हणून तळाचे तीन फूट सोडले, तर पहिल्याचे उपसण्याजोगे पाणी २२ मार्चला संपते, दुसऱ्याचे ३१ मार्चला.

कांद्याचे पाणी काढणीपूर्वी १५ ते २० दिवस तोडतात. हा कांदा एप्रिलच्या मध्यास निघेल असे धरले तर २९ मार्चपर्यंत पाणी हवे. पहिल्याला सात दिवस कमी पडतात, आणि तेही गाठ पोसण्याच्या दिवसांत. यावेळचा ताण उत्पादनात थेट दिसतो.

उपाय कधी करायचा, हेही याच रेघेवरून कळते. ७ मार्चला त्याच्याकडे उपसण्याजोगे १५ फूट आणि २२ दिवस आहेत. म्हणजे रोज सुमारे ८ इंच. आजच्या १२ इंचांत एक तृतीयांश कपात झाली. या विहिरीत एक फूट म्हणजे सुमारे ८,९०० लिटर पाणी, तेव्हा रोज तीन हजार लिटरच्या आसपास वाचवायचे आहे. वाफे लहान करून, पाटातली गळती बंद करून हे जमण्यासारखे आहे. मात्र कांद्याची मुळे उथळ असतात, म्हणून पाळ्यांमधले अंतर फार वाढवू नये. प्रत्येक पाळीचे पाणी हलके करावे. १३ मार्चपर्यंत थांबल्यास ९ फूट आणि १६ दिवस उरतात. मग रोज पावणेसात इंचच मिळतील, म्हणजे जवळजवळ निम्मी कपात! तेवढी कांदा सोसत नाही.

मोजमाप दर तिसऱ्या दिवशी, मोटर चालू करण्यापूर्वी, शक्यतो एकाच वेळी घ्यावे. वीज रात्रीची असेल तर संध्याकाळी घ्यावे. रेघ सरळ राहते ती उपसा आणि झऱ्याची आवक यांतला फरक सारखा असेपर्यंतच. ऊन वाढले, झरा आटला की ती खाली वाकते. नवे माप जुन्या रेघेच्या खाली पडले तर त्याच दिवशी हिशेब पुन्हा करावा. ज्यांच्या विहिरीचे खालचे खोदकाम अरुंद आहे त्यांनी तर वरच्या भागातल्या वेगावर विसंबूच नये. तेवढाच उपसा असला तरी तिथे पाणी जास्त झपाट्याने उतरते.