पंपिंग नॉर्मल, तरीही

चि. मुग्धा,

दम लागणाऱ्या प्रत्येकाला दमा समजून नेब्युलायझर लावतात, हे तुला तिथल्या ग्रामीण रुग्णालयात खटकलं, हे वाचून बरं वाटलं. हे खटकणं जप.

‘दम लागतो का?’ एवढ्यावर थांबू नकोस. सगळेच हो म्हणतात. रात्री किती उशा लागतात, ते विचार. आडवं झालं की पायांकडचं रक्त छातीकडे परततं, थकलेल्या हृदयाला ते पुढे ढकलता येत नाही आणि फुप्फुसांत पाणी साचू लागतं. म्हणून माणूस उशा वाढवतो, मध्यरात्री गुदमरून उठून बसतो. बायका आपणहून सांगत नाहीत. वाकून भांडी घासताना धाप लागते का, पैंजण घट्ट झालेत का, हे तूच विचारायचं.

मग पेशंटला 45 अंशांत टेकवून मान किंचित डावीकडे वळवायला सांग आणि उजवीकडची शीर शांतपणे बघ. ती फुगलेली दिसली, नडगीवर अंगठा दाबल्यावर खळगा राहिला, तर हार्ट फेल्युअरचा संशय बळावतो. ईसीजी, एक्स-रे कर. पण खात्रीसाठी टूडी एको हवाच.

एकोत इजेक्शन फ्रॅक्शन 40 टक्के किंवा कमी असेल, तर हृदयाचं आकुंचन अशक्त आहे. 41 ते 49 हा मधला गट. 50 किंवा वर असेल, तर मात्र खूपजण फसतात. हृदय नीट आकुंचन पावतं, पण ताठर झाल्यामुळे सैलावत नाही, पुरेसं भरत नाही. साठीच्या, वजनदार, बीपी-शुगर असलेल्या कितीतरी बायकांना ‘पंपिंग नॉर्मल आहे, वयामुळे होतं’ म्हणून घरी पाठवतात. मला याचा मनापासून राग येतो. अशा वेळी एनटी-प्रोबीएनपी ही रक्ततपासणी करता आली तर कर. 125 च्या आत असेल तर हार्ट फेल्युअरची शक्यता कमी. पण लठ्ठ माणसात हा आकडा मुळातच कमी येतो, तेव्हा त्यावरही विसंबू नकोस.

आणि गरोदरपणात धाप लागलेली कोवळी पोर आली, तर स्टेथोस्कोप निवांत लाव. लहानपणीच्या संधिवाताच्या तापाने हृदयाची झडप आकसलेली असू शकते. तिथेही पंपिंग बहुधा नॉर्मलच असतं.

एकोला पाठवताना चिठ्ठीवर नुसतं ‘दम’ लिहू नकोस. उशा, शीर, सूज, सगळं लिही; म्हणजे एको करणारा झडपा आणि हृदयाचं सैलावणंही नीट तपासेल.

तुझा,
मामा