समुद्राच्या पोटातील पाणी : एक पाठ



समुद्राचे पाणी खारट असते, हे मुलांस ठाऊक असते. परंतु ३,००० मीटर खोलीवरील पाणी, वरचे पाणी त्यात मिसळू न देता, जहाजावर कसे आणावे? पाठाचा आरंभ या प्रश्नाने करावा. उत्तर लगेच सांगू नये.

विवेचन : १८७२ ते १८७६ या काळात ‘चॅलेंजर’ या ब्रिटिश जहाजाने ३६२ ठिकाणी थांबून समुद्राचे निरीक्षण केले. त्याने आणलेल्या पाण्याच्या ७७ नमुन्यांचे पृथक्करण डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने केले. खारटपणा कमीअधिक असला, तरी मुख्य क्षारांचे परस्परांशी प्रमाण सर्व महासागरांत जवळजवळ एकच असते, असे त्यातून दिसून आले.

पुढे नान्सेनची धातूची बाटली प्रचारात आली. ती दोन्ही टोके उघडी ठेवून तारेने खाली सोडीत. ठरलेल्या खोलीवर ती पोहोचली की तारेवरून एक वजन सोडीत. त्याच्या आघाताने बाटली उलटी होई व तिच्या झडपा मिटत. आता बाटल्यांची चौकट खाली सोडून, जहाजावरून विद्युत्संदेशाने एकेक बाटली मिटवितात. गोव्यातील राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे (स्थापना १९६६) ‘सिंधु साधना’ हे जहाज अशा संशोधनासाठीच आहे.

कृती : अरुंद तोंडाच्या बाटलीस, ती बुडेल इतका जड दगड बांधावा. बूच सैल बसवून त्यास निराळी दोरी जोडावी. मुख्य दोरीवर हात-हात अंतरावर गाठी माराव्यात. बाटली शिक्षकाने स्वतः विहिरीत सोडावी. मुलांस कठड्यापासून दूर उभे करावे. ठरलेल्या गाठीपर्यंत दोरी बुडाली की बुचाची दोरी हिसडावी. बुडबुडे थांबल्यावर बाटली वर घ्यावी. मग विचारावे, ‘आपल्या बाटलीत कोणता दोष राहिला?’ वर येताना तिचे तोंड उघडेच असते, हे मुले स्वतः शोधतील.

नोंद : बाटलीस लगेच चिठ्ठी लावावी. तीवर स्थळ, तारीख, वेळ व खोली लिहावी. खोली व स्थळ न लिहिलेला नमुना संशोधकास निरुपयोगी. चुकीची चिठ्ठी तर त्याहून घातक. एका शाळेत पर्जन्यमापनाची वही पाहताना मला पंधरा दिवसांचे आकडे एकाच बैठकीत भरलेले आढळले. वही सुबक होती. पण तीवरून पावसाविषयी काहीच कळत नव्हते. म्हणून गाठी मोजण्यास मूल विसरले, तर त्यास रागावू नये, अंदाजही लिहू देऊ नये. ‘खोली मोजली नाही’ असे लिहवून नमुना पुन्हा घ्यावा. या पाठातून मुलांस एवढी सवय लागली, तरी पाठ सफल झाला असे समजावे.