अख्खी पेठ मापात मारते, मग मीच का नको?

प्रश्न : मी कोल्हापुरात किराणा दुकानात कामाला आहे. मालक काट्यात थोडा फरक ठेवायला सांगतात. म्हणतात, ‘अख्खी पेठ हेच करते.’ सगळेच असे असतील तर माझ्यावर नीतीचं बंधन उरतं का?
– एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : उरतं. रीत आणि नीती एक नव्हेत. शिवाशिव ही एकेकाळी कोल्हापूरचीही रीतच होती. संस्थानच्या पागेतल्या हौदाला शिवले म्हणून तिथले दलित नोकर गंगाराम कांबळे यांना मार बसला. पुढं शाहू महाराजांच्या मदतीनं त्यांनी हॉटेल काढलं, आणि महाराज तिथं गाडी थांबवून, सगळ्यांदेखत त्यांच्या हातचा चहा प्यायले. गाव सुधारण्याची वाट पाहत बसले नाहीत. १९०२ साली संस्थानच्या नोकऱ्यांत मागास वर्गांसाठी ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तेव्हाही नाही.

अर्थात ते छत्रपती होते, तुमची मात्र नोकरी जाऊ शकते. तेव्हा लगेच हुतात्मा होऊ नका. पिशवी ठेवण्याआधी काट्यावर शून्य आहे ना, एवढं गिऱ्हाइकाला दिसू द्या. मालकांशी एकांतात बोला. दुसरं काम शोधत राहा. तक्रार वैधमापन कार्यालयात करता येते, पण आधी घरच्यांना विश्वासात घ्या आणि दुकानात वाच्यता नको.