नव्या घरातील पहिल्या रात्री

१९७२ साली महाराष्ट्रात मोठा दुष्काळ पडला. संगमनेर तालुक्यातील आमच्या गावी विहिरी आटल्या, दावणीची जनावरे विकावी लागली, आणि वडिलांनी भिवंडीस जाऊन यंत्रमागावर काम धरले. दिवाळीनंतर आम्हीही त्यांच्यामागे निघालो. मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. धाकटी बहीण सहा वर्षांची. एस. टी. कसाऱ्याचा घाट उतरली, शहापूर व पडघे मागे पडले, आणि तिन्हीसांजेला आम्ही नारपोलीतील एका चाळीत, एका लहानशा खोलीसमोर उभे राहिलो.

भिंतीपलीकडेच मागांचा कारखाना होता. मागावरील धोटा एका बाजूकडून दुसरीकडे फेकला जातो व प्रत्येक फेकीला खट्‌ असा आवाज होतो. असे कित्येक माग एकदम चालत, आणि रात्रपाळी असल्यामुळे रात्रीही थांबत नसत. गावी रात्री फार तर एखादे कुत्रे भुंके. "हे कधी थांबणार?" असे बहिणीने पहिल्या रात्री विचारले. त्यानंतर ती जवळजवळ बोलेनाशीच झाली. ताटातले अन्न टाकू लागली, झोपेत दचकू लागली. आईने मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या; परंतु ही दृष्ट नव्हती.

मुलांनो, तुम्ही एक करून पाहा. आपल्या घरी डोळे मिटून दाराच्या कडीकडे हात न्या. तो नेमका तेथेच जाईल. कोणता उंबरा उंच, पाण्याचा तांब्या कोठे, हे हातापायांना ठाऊक असते व मन तेवढे मोकळे राहते. नव्या जागी मात्र प्रत्येक गोष्ट मुद्दाम पाहावी लागते. रात्री उठावे तर भिंत भलतीकडेच! यामुळे मनावर ताण पडतो. मोठी माणसेही विनाकारण चिडतात आणि झोप उडते. यात भित्रेपणा काहीच नाही.

आईला हे शब्दांत सांगता आले नसते, पण उपाय तिला बरोबर सुचला. खोली लावण्याआधी तिने गावच्या घरातल्याप्रमाणे देव पूर्वेच्या भिंतीशी मांडले, आणि बहिणीची जुनी गोधडी, धुवायची राहिली असूनही, तशीच अंथरली. दिवेलागणीला ती आम्हांला शुभंकरोति म्हणावयास बसवी. गावी त्याच वेळी बसत असू. तेवढ्या घटकेपुरते घर बदललेले नसे.

बहीण बोलू लागली ती मात्र शेजारणीमुळे. भिवंडीत तेलंगणातून आलेली विणकरांची पुष्कळ कुटुंबे आहेत. त्यांपैकीच ती एक. तिला मराठी थोडेच येई. एकदा तिने बहिणीपुढे पाण्याचा पेला धरला आणि म्हणाली, "नीळ्ळु." बहिणीने पेला घेतला व कित्येक दिवसांनी मोठ्याने म्हणाली, "पाणी!" त्या दिवसापासून दोघींची शाळा सुरू झाली. शेजारणीला ती 'अक्का' म्हणू लागली. दोघींनाही गाव नवे होते, दोघींनाही शब्द हवे होते.

दीडदोन महिन्यांनी एके रात्री वीज गेली. सगळे माग एकदम थांबले, आणि काय आश्चर्य, सारी चाळ जागी झाली! बहीण उठून बसली व घाबरून विचारू लागली, "आवाज कोठे गेला?"

कधी एखादे घरच नव्हे, तर सारे गाव हलते. भीमा नदीवर उजनी धरण झाले तेव्हा इंदापूर तालुक्यातील जुने पळसदेव पाण्याखाली गेले. गावकरी नव्या जागी वसले, पण गावाचे नाव त्यांनी बरोबर नेले. धरणाचे पाणी उतरले म्हणजे जुने देऊळ वर दिसते आणि लोक ते पाहावयास जातात. जुन्या घराची आठवण काढल्याने नवे घर परके होते, असे मला वाटत नाही.

पुढे मी मुख्याध्यापक झालो. दर जूनला दूरच्या प्रांतांतील मुले नव्याने येत. त्यांना पहिल्याच दिवशी वर्गापुढे उभे करून नावगाव विचारू नये, असे मी शिक्षकांना सांगे. त्याऐवजी आठवडाभर एक सोबती द्यावा; पाण्याचा नळ कोठे, कोणत्या सरांची शिस्त कडक, हे तोच अधिक चांगले सांगतो.

गेल्या वर्षी माझा मुलगा नारपोली सोडून कल्याणला राहावयास गेला. नात रुसली होती. तिला आम्ही आधी दोनदा नवे घर दाखवून आणले, एकदा मुद्दाम रात्री. तिची पेटी तिनेच भरली. ती ट्रकमध्ये सर्वांत शेवटी चढवली, म्हणजे सर्वांत आधी उतरेल. एवढ्याने ती पुष्कळ निवळली. एकच अडचण उरली. जुन्या घराच्या चौकटीवर दरवर्षी तिच्या उंचीची खूण केलेली होती. चौकट कशी न्यावी? शेवटी मी एक सुतळी घेतली, जमिनीपासून प्रत्येक खुणेपर्यंत धरली आणि तेथे तेथे गाठ मारली. अशा सात गाठी झाल्या.

नव्या घरी दाराशी खिळा ठोकून तिने प्रथम ती सुतळी टांगली. मग पाठ टेकून ताठ उभी राहिली व म्हणाली, "आजोबा, आता आठवी मारा."